मुखशल्यविशारद आणि सौंदर्यशल्यक्रिया : प्रशिक्षणाची वाट

दातांच्या डॉक्टरांनी चेहऱ्यावर शस्त्रक्रिया करावी काय, असे देणगीदार व रुग्णांचे नातेवाईक आम्हांस वारंवार विचारतात. प्रश्न रास्त आहे.

आपल्या देशात बी.डी.एस.ला आंतरवासितेसह पाच वर्षे लागतात आणि मुख व जबडा शल्यशास्त्रातील एम.डी.एस.ला आणखी तीन. जबड्याचे अस्थिभंग, दुभंगलेले ओठ, पुढे आलेला वा मागे राहिलेला जबडा, हे या तज्ज्ञांचे नित्याचे काम. जबडा कापून योग्य जागी बसविला की चावणे सुधारते आणि चेहराही पालटतो. उपचार आणि सौंदर्य यांची सीमा येथेच पुसट होते. नाक, पापण्या, सुरकुत्या यांच्या शस्त्रक्रियांचा सराव मात्र सर्वच महाविद्यालयांत सारखा मिळत नाही. त्यासाठी अनुभवी शल्यविशारदाच्या हाताखाली वर्षभराची फेलोशिप हाच, आमच्या मते, खरा मार्ग. दोन दिवसांच्या कार्यशाळेचे प्रमाणपत्र भिंतीवर शोभते, एवढेच.

ब्रिटनमध्ये या शाखेसाठी वैद्यक व दंतवैद्यक अशा दोन्ही पदव्या लागतात. आपल्याकडे तसे बंधन नाही. भारतीय दंत परिषदेने डिसेंबर २०२२ मध्ये या तज्ज्ञांना चेहऱ्याच्या सौंदर्यशल्यक्रिया करता येतात, असे स्पष्ट केले. त्वचारोगतज्ज्ञांनी त्यास आक्षेप घेतला.

तेव्हा संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी नातेवाइकांनी निःसंकोच विचारावे : ही शस्त्रक्रिया आपण कोठे शिकलात, आजवर किती केल्या, भूल कोण देणार? देणगीदारांस विनंती की, यंत्रसामग्रीबरोबरच एखाद्या तरुण शल्यविशारदाच्या फेलोशिपच्या वर्षाचाही विचार व्हावा. त्या काळात त्याची नेहमीची मिळकत थांबलेली असते.