सप्तर्षींचे बाण : आकाशाच्या नकाशावर दिशा मांडण्याचा एक पाठ

भोसरीपासून चाकणपर्यंतच्या कारखान्यांच्या उजेडामुळे दिघीच्या आकाशात आता मोजकेच तारे उरले आहेत. तरीही एप्रिल-मे महिन्यांत रात्री दहाच्या सुमारास उत्तरेकडे, म्हणजे चाकणच्या दिशेला, तोंड करून उभे राहिले की सप्तर्षी ओळखता येतात. हे सात तारे आपापल्या जागी स्थिर आहेत काय? नसतील तर ते कोणत्या दिशेला आणि किती सरकतात? या प्रश्नांची उत्तरे आपल्या वसतिगृहातील मुलामुलींना दुर्बिणीशिवाय, एखाद्या जुन्या संगणकावरही काढता येतात. तो पाठ आम्ही येथे क्रमाने मांडत आहोत.

इतिहासाच्या शिक्षकांनी ताऱ्यांकडे वळण्याचे कारण इतिहासातच आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त सप्तर्षी प्रत्येक नक्षत्रात १०० वर्षे राहतात, असे सांगितले आहे. त्या हिशेबाने २७ नक्षत्रांचा फेरा २७०० वर्षांत पूर्ण व्हावा. याच कल्पनेवर काश्मीरचा सप्तर्षी अथवा लौकिक संवत उभा आहे. कल्हणाने 'राजतरंगिणी'चा काळ देताना शके १०७० आणि लौकिक संवताचे २४ वे वर्ष, अशा दोन्ही गणना दिल्या. शतके वगळून लिहिण्याची तेथील रीत असल्याने २४ म्हणजे ४२२४, अर्थात इ.स. ११४८. संवत म्हणून ही गणना इतिहासाला उपयोगी पडते. परंतु ज्या गतीवर ती उभी आहे, ती गती आकाशात आहे काय, हे तपासावयास हवे.

तारे सरकतात, हे एडमंड हॅली याने १७१८ साली प्राचीन ग्रीक नोंदींशी तुलना करून दाखविले. ताऱ्याच्या स्वतःच्या या सरकण्याला निजगती म्हणतात. १९८९ साली सोडलेल्या हिप्पार्कोस उपग्रहाने सुमारे १,१८,००० ताऱ्यांची निजगती मोजली व ती यादी १९९७ साली सर्वांसाठी खुली झाली. त्या मोजणीनुसार सप्तर्षींची पूर्व-पश्चिम गती दर वर्षी विकलेच्या सहस्रांशांत अशी आहे. पूर्वेकडील गती अधिक, पश्चिमेकडील उणे :

क्रतू −१३४
पुलह +८१
पुलस्त्य +१०८
अत्री +१०४
अंगिरस +११२
वसिष्ठ +११९
मरीची −१२१

उत्तर-दक्षिण गतीही त्याच यादीत मिळते. एका अंशात ३६०० विकला असतात. म्हणून वर्षाची गती नकाशावर दिसणारच नाही. बाण १,००,००० वर्षांच्या सरकण्याचा काढावा. अंगिरसाचे उदाहरण घेऊ. वर्षाला ०.११२ विकला, म्हणजे १,००,००० वर्षांत ११,२०० विकला, अर्थात ३.११ अंश.

येथे एक पायरी सुटण्याचा संभव असतो. पृथ्वीवरील रेखावृत्ते जशी ध्रुवाकडे जवळजवळ येतात, तशाच विषुवांशाच्या रेषाही आकाशाच्या ध्रुवाकडे दाटतात. म्हणून सपाट चौकटीवर बाण काढताना पूर्व-पश्चिम सरकणे ताऱ्याच्या क्रांतीच्या कोसाइनने भागावे लागते. अंगिरसाची क्रांती ५५.९६ अंश, तिचा कोसाइन ०.५६. भागाकार ५.५५ अंश येतो. उत्तर-दक्षिण सरकण्याला हा भागाकार लागत नाही.

आता संगणकाकडे वळू. ग्नूप्लॉट ही विनामूल्य मिळणारी आलेखप्रणाली आहे. तिच्यात माऊस फिरवून चित्र काढावयाचे नसते. एकेका ओळीत आज्ञा टंकावयाची असते. आधी साध्या फाइलमध्ये प्रत्येक ताऱ्याची एक ओळ लिहावी. तीत चार स्तंभ असतात : विषुवांश, क्रांती, पूर्वेकडील सरकणे आणि उत्तरेकडील सरकणे. अंगिरसाची ओळ १९३.५१, ५५.९६, ५.५५, −०.२३ अशी, तर क्रतूची १६५.९३, ६१.७५, −७.८७, −०.९६ अशी होते. संगणकात आकडे व आज्ञा इंग्रजी लिपीतच टंकाव्यात आणि स्तंभांमध्ये स्वल्पविराम न देता मोकळी जागा सोडावी. मग तीन आज्ञा पुरतात. पहिली 'सेट एक्सरेंज [२१५:१५०]', दुसरी 'सेट वायरेंज [४५:६५]', आणि तिसरी 'प्लॉट', त्यापुढे अवतरणात फाइलचे नाव व 'यूजिंग १:२:३:४ विथ व्हेक्टर्स'.

पहिल्या आज्ञेत मोठा आकडा आधी का? भिंतीवरच्या भूगोलाच्या नकाशात उत्तर वर आणि पूर्व उजवीकडे असते, कारण आपण जमिनीकडे वरून पाहतो. आकाशाकडे आपण खालून पाहतो. म्हणून उत्तर वर ठेवली की पूर्व डावीकडे येते. आकडे उलटे दिले नाहीत तर सप्तर्षींचे आरशातील प्रतिबिंब उमटते. नकाशा नीटनेटका दिसतो आणि प्रत्येक बाण उलट दिशा सांगतो. पडताळा सोपा आहे. वर सांगितलेल्या वेळी सप्तर्षी ध्रुवाच्या वरच्या बाजूस असतात. छापलेला नकाशा उलटा, म्हणजे उत्तर खाली करून, आकाशाकडे धरावा. नकाशातील पूर्व आता आपल्या उजव्या हाताला येते, आणि उत्तरेकडे तोंड केलेल्या माणसाची पूर्व उजवीकडेच असते.

बाण उमटले की मुलांना न सांगताही एक गोष्ट दिसते. मधले पाच तारे पूर्वेकडे निघाले आहेत. दोन टोकांचे क्रतू व मरीची पश्चिमेकडे. रिचर्ड प्रॉक्टर या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने १८६९ साली नकाशावर असेच बाण काढून या पाच ताऱ्यांची सोबत ओळखली. हे पाच तारे आपल्यापासून सुमारे ८० प्रकाशवर्षांवर असून एकाच मेघातून जन्मलेली भावंडे आहेत. क्रतू आणि मरीची त्यांच्याहून दूर आहेत.

आता मूळ प्रश्न. एक नक्षत्र म्हणजे १३ अंश २० कला, अर्थात ४८,००० विकला. सप्तर्षी १०० वर्षांत एवढे सरकावयास हवेत. अंगिरस प्रत्यक्षात सरकतो सुमारे ११ विकला, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीचा सुमारे १६० वा भाग. शिवाय सातांचे बाण एका दिशेचेही नाहीत. अयनचलनाचा आधार कोणी घेईल. पण त्याने सर्वच ताऱ्यांचे विषुवांश व क्रांती बदलतात, सप्तर्षी आणि मघा यांच्यातील अंतर बदलत नाही. तेव्हा संवत ही माणसांनी चालविलेली वर्षगणना होय. तिच्यामागे सांगितलेली गती आकाशात नाही.

हा निष्कर्ष आम्ही सांगतो म्हणून मुलांनी मानावा, असा या पाठाचा हेतू नाही. यादी खुली आहे, गणित दहावीच्या आवाक्यातले आहे आणि उरलेल्या पाच ताऱ्यांचे बाण मुद्दामच येथे दिलेले नाहीत. पालकांनी व माजी विद्यार्थ्यांनी ते मुलांसोबत बसून काढावेत. प्रत्येक नकाशाखाली मात्र चार गोष्टी लिहाव्यात : उत्तर कोणती, पूर्व कोणती, बाण किती वर्षांचा आणि आकडे कोठून घेतले. या चार गोष्टी लिहिल्या असतील, तरच तो नकाशा दुसऱ्या कोणालाही तपासता येईल.