पेट्रोल अति झालें म्हणजे

समईची वात दोन प्रकारांनीं विझते. तेल संपलें म्हणजे ती विझते. आणि तेल अति होऊन वात त्यांत पुरती बुडाली, तरीहि विझते. मोटारीच्या इंजिनाचेंहि असेंच आहे. जुनी गाडी सुरू होत नाहीं असें पाहून, पेट्रोल कमी पडत असावें अशा समजुतीनें मालक चोक ओढतो, ॲक्सिलरेटर पुनःपुन्हां दाबतो आणि सेल्फ मारीत राहतो. थोड्याच वेळांत बॅटरी उतरते व पेट्रोलाचा उग्र वास मात्र सुटतो. वस्तुतः इंजिनास पेट्रोल कमी नसून अधिक झालेलें असतें. मेस्त्री लोक या दोषास ‘ओव्हरफ्लो’ म्हणतात. तो कां होतो, कसा ओळखावा व कसा दूर करावा, याचा विचार विद्यार्थ्यांनीं व पालकांनीं एकत्र बसून करावा, म्हणून हा पाठ लिहिला आहे.

ज्या गाड्यांत कार्बुरेटर असतो, त्यांत हा दोष विशेषेंकरून आढळतो. सोलापूरचे उद्योगपति वालचंद हिराचंद, ज्यांचें नांव सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयास दिलेलें आहे, यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली. तिच्या कुर्ला येथील कारखान्यांतून निघालेली फियाट, जी पुढें पद्मिनी या नांवानें ओळखली गेली, ती कार्बुरेटरवरच चालत असे. पेट्रोलाची ॲम्बॅसडर आणि १९८३ सालीं आलेल्या मारुती ८००च्या जुन्या गाड्या याहि त्याच जातीच्या. पुढें २००० सालच्या सुमारास नव्या मोटारींत कार्बुरेटर जाऊन इंजेक्शन आलें. परंतु ज्यांनीं जयसिंगपूर, सांगली किंवा कोल्हापूर येथें वडिलांची जुनी गाडी जतन केली आहे, त्यांस हें ज्ञान अद्याप उपयोगाचें आहे.

प्रथम मूळ तत्त्व समजून घेऊं. पेट्रोल द्रवरूपांत असतां जळत नाहीं. जळते ती त्याची वाफ, आणि तीहि हवेंत योग्य प्रमाणांत मिसळली तरच. एक भार पेट्रोल पूर्णपणें जळण्यास सुमारें पंधरा भार हवा लागते. आकारमानानें पाहतां, हवेंत या वाफेचें प्रमाण शेंकडा सुमारें दीड ते साडेसात यांच्या दरम्यान असलें तरच ठिणगीनें मिश्रण पेटतें. त्याहून कमी झालें तर पेटत नाहीं, आणि अधिक झालें तरीहि नाहीं. हें मिश्रण तयार करणें हेंच कार्बुरेटरचें काम. जर्मनींतील विल्हेल्म मेबॅक यांनीं १८९३ सालीं पेट्रोलाचे तुषार उडविणारा कार्बुरेटर तयार केला. कोल्हापूरच्या शाही दसऱ्यास राजघराण्याची जी मेबॅक मोटार लोक कौतुकानें पाहतात, तिचें नांव याच घराण्याचें आहे.

कार्बुरेटरच्या बाजूस पेट्रोलाची एक लहान कुंडी असते. घरावरील पाण्याच्या टाकींत जसा तरंगता गोळा असतो, तसा या कुंडींत ‘फ्लोट’ असतो. पेट्रोल ठराविक उंचीस आलें कीं फ्लोट वर उचलला जातो व ‘निडल’ नांवाची सुई पेट्रोलाची वाट बंद करते. ही व्यवस्था बिघडण्याचीं कारणें थोडींच आहेत. सुईखालीं कचरा अडकला किंवा सुई झिजली, तर वाट पुरती बंद होत नाहीं. फ्लोटला बारीक छिद्र पडून पेट्रोल आंत शिरलें, तर तो जड होऊन बुडतो. चोक ओढलेला राहिला किंवा एअर फिल्टर धुळीनें बुजला, तर हवा कमी पडते. शेवटचें कारण मनुष्याचा पाय होय. ॲक्सिलरेटरच्या प्रत्येक दाबाबरोबर कार्बुरेटरमधील लहान पंप पेट्रोलाची पिचकारी आंत मारतो. इंजिन बंद असलें तरीहि मारतो.

वैशाखाच्या उन्हांत आणखी एक प्रकार घडतो. लांबून आलेली गाडी बाजारांत उभी केली असतां तापलेल्या इंजिनाच्या उष्णतेनें कुंडींतील पेट्रोल उकळूं लागतें आणि आपोआप इंजिनांत उतरतें. दहा मिनिटांनीं गाडी सुरू करूं जावें, तर ती ऐकत नाहीं. अशा वेळीं चोक ओढणें म्हणजे बुडालेल्या वातीवर आणखी तेल ओतणें होय.

आतां परीक्षा कशी करावी तें पाहूं. प्लग काढून पाहिला असतां तो ओला असेल व त्यास पेट्रोलाचा वास येत असेल, तर पेट्रोल अति झालें आहे. प्लग कोरडा असेल, तर पेट्रोल पोहोंचतच नाहीं. पूर्वीं पुष्कळ लोक स्कूटर सुरू होईना म्हणजे ती बाजूस कलंडवून मग किक मारीत. हा उपाय कोरड्या इंजिनास लागू पडे; ओल्यास तो अपायच करी. याकरितां आधीं परीक्षा, मग उपाय, हा क्रम सोडूं नये. शिवाय ओला प्लग नेहमींच कार्बुरेटरचा दोष दाखवीत नाहीं. ठिणगीच पडत नसेल, तर न जळलेलें पेट्रोल सांचत जातें. तेव्हां कॉइल, डिस्ट्रिब्युटर व त्यांतील प्लॅटिनम हींहि मेस्त्रीकडून तपासून घ्यावींत.

उपाय सोपा आहे. चोक पूर्ण बंद करावा, म्हणजे हवेची वाट मोकळी होते. ॲक्सिलरेटर सावकाश एकदांच तळापर्यंत दाबावा व तसाच धरून ठेवावा. वरखालीं करूं नये. मग पांच ते दहा सेकंद सेल्फ मारावा. याने भरपूर हवा आंत शिरून जास्तीची वाफ बाहेर पडते. इंजिन पेटलें कीं पाय हळूहळू उचलावा. न पेटल्यास बॅटरीस मिनिटभर विश्रांति देऊन पुन्हां करावें. दोनतीन वेळां करूनहि यश न आल्यास बॉनेट उघडून पंधरा मिनिटें स्वस्थ बसावें, अथवा प्लग काढून, पुसून, वाळवून पुन्हां बसवावे. दोष वारंवार होत असेल, तर इंजिनांतील ऑइलचा वास घ्यावा. त्यांत पेट्रोल उतरलें असल्यास ऑइल पातळ होऊन इंजिन झिजतें, म्हणून तें बदलावें व सुई आणि फ्लोट दुरुस्त करून घ्यावे.

पालकांनीं एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावें. पेट्रोलाची वाफ हवेहून जड असून जमिनीलगत पसरते. म्हणून अशा गाडीजवळ विडी, काडेपेटी किंवा स्टोव्ह असूं नये, आणि हें काम बंद खोलींत करूं नये. प्लग बाहेर असतां ठिणगी पाहण्याची हौस मुलांनीं करूं नये. कार्बुरेटरच्या तोंडांत बाटलीनें पेट्रोल ओतण्याची चाल तर सर्वथा टाकावी. उलट भडका उडाल्यास हात व तोंड दोन्ही भाजतात.

शेवटीं आपल्या शिरोळ तालुक्यापुरती एक सूचना. २००५, २०१९ व २०२१ सालीं कृष्णा-पंचगंगेचे महापूर आपण पाहिले. पुराच्या पाण्यांत बुडालेली गाडी आणि पेट्रोलानें ओली झालेली गाडी, या दोन अगदीं भिन्न गोष्टी आहेत. पेट्रोलाच्या बाबतींत पुन्हां सेल्फ मारून पाहतां येतो. पाण्याच्या बाबतींत किल्लीसहि हात लावूं नये. पाणी दाबलें जात नाहीं. तें सिलिंडरमध्यें असतां इंजिन फिरविल्यास आंतील दांडा वांकतो, आणि हजारोंचा खर्च अंगावर येतो. अशी गाडी ओढून मेस्त्रीकडेच न्यावी.

अभ्यासासाठीं प्रश्न: १. फ्लोटमध्यें पेट्रोल शिरल्यास कुंडी कां भरून वाहते? २. ॲक्सिलरेटर एकदांच दाबून धरणें व वारंवार दाबणें, यांच्या परिणामांत भेद कोणता? ३. दोन गाड्या सुरू होत नाहींत. एकीचा प्लग कोरडा, दुसरीचा ओला. प्रत्येकीस प्रथम काय कराल, व कां?