कॉलसाइन हातात पडण्याआधी

अगं, हॅम रेडिओच्या परवान्याच्या परीक्षेचा अर्ज भरलास हे ऐकून इतकं बरं वाटलं! मोबाइल असताना हे रेडिओचं खूळ कशाला, असं घरात कुणी विचारलं की गप्प बसू नकोस. भारती प्रसाद यांचं नाव सांग. डिसेंबर २००४ मध्ये त्या हॅम रेडिओसाठीच पोर्ट ब्लेअरला गेल्या होत्या. २६ तारखेला त्सुनामी आली, फोन बंद पडले, आणि अंदमानातले कितीतरी निरोप त्यांच्या सेटवरून बाहेर गेले.

आता अक्काचं ऐक. सेट घ्यायची घाई नको, आधी कान तयार कर. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठात एक रिसीव्हर आहे, वेबएसडीआर. ब्राउझरमध्ये उघडायचा आणि आपण हवी ती फ्रिक्वेन्सी लावायची, बस्स. संध्याकाळी १४ मेगाहर्ट्झवर जा. कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं आपलं ओळखचिन्ह, कसा देतात, सिग्नलचा रिपोर्ट कसा देतात, समोरच्याला बोलायला जागा कशी सोडतात, हे लक्ष देऊन ऐक. इथे नवनगरात एलईडी दिवे, इन्व्हर्टर, चार्जर यांची एवढी खरखर असते की मंद सिग्नल कसा असतो तेच कळत नाही. तिथे ऐकलंस की कळेल.

मोर्स तुझ्या रिस्ट्रिक्टेड ग्रेडच्या परवान्याला लागत नाही, तरी शीक. एलसीडब्ल्यूओ नावाची साइट के आणि एम या दोनच अक्षरांनी सुरुवात करून देते. रोज थोडा वेळ पुरे, पण खाडा नको.

कॉलसाइन आला की तुला सगळ्यात जास्त आवडेल ती पीएसकेरिपोर्टर ही साइट. तू एफटी८ या कॉम्प्युटरवरून चालणाऱ्या डिजिटल पद्धतीने हाक दिलीस की जगात कुणाच्या रिसीव्हरला ती ऐकू गेली, ते थोड्या वेळात नकाशावर दिसतं. कुणी उत्तर दिलं नाही तरी अँटेना चालतेय की नाही हे कळतं. नवख्या माणसाला याहून मोठा धीर नाही. मात्र एफटी८ पंधरा-पंधरा सेकंदांच्या पाळीत चालतं, म्हणून कॉम्प्युटरचं घड्याळ सेकंदाला बरोबर हवं. आणि संपर्कांची नोंद, म्हणजे लॉग, यूटीसी या जागतिक वेळेत लिहायचा. ती वेळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते, म्हणजे तारीख बदलते पहाटे साडेपाचला. पहाटेच्या संपर्कांना जपून तारीख घाल.

आता जे फोनवर बोलायचं नव्हतं ते. क्यूआरझेड या साइटवर कॉलसाइन टाकला की माणसाचं नाव, पत्ता सगळं समोर येतं. तू तिथे गाव आणि जिल्हा एवढंच भर. गल्लीचा क्रॉस नंबर नको, घराचा फोटो तर नकोच. लोकेटर, म्हणजे नकाशावरच्या आपल्या चौकोनाचा संकेत, विचारला तर एमके७५ सांग. त्या चौकोनात बेळगावपासून गदगपर्यंत सगळं येतं, तू कुठेही असू शकतेस. सहा अक्षरी लोकेटर दिलास की तो चौकोन साधारण नऊ बाय पाच किलोमीटरवर येतो. आणि एपीआरएस! ते तर मोबाइलच्या जीपीएसवरून तुझी जागा पाठवतं, आणि एपीआरएस डॉट एफआय ही साइट तुझ्या येण्याजाण्याची रेघ नकाशावर काढून ठेवतं. करून बघायचं असेल तर कॉलेजच्या आवारातून बघ, घरी यायच्या आधी बंद कर.

घाबरवत नाहीये गं. बँडवर बहुतेक माणसं फार चांगली भेटतात, तासन्‌तास शिकवतात. पण बाईचा आवाज ऐकून एखादा मोबाइल नंबरच मागत बसला, तर कारणं देत बसायचं नाही. ७३, म्हणजे शुभेच्छा, म्हणायचं आणि डायल फिरवायचा. यात उद्धटपणा काही नाही. कॉलसाइन मात्र खुशाल मिरव, तो तू अभ्यास करून मिळवणार आहेस.

अँटेनाची तार ओढायला मी येते. १४ मेगाहर्ट्झची डायपोल साधारण दहा मीटर होते, गच्चीवर तिरकी बसेल. रस्त्याकडच्या बाजूला विजेच्या तारा आहेत, तिकडे एकही टोक न्यायचं नाही. मी येईपर्यंत बांबू उभा करू नकोस, बाबांनी म्हटलं तरी.