उन्हाळ्यातील डोंगर आणि आपले पडीक

महसुली दप्तरात डोंगरउताराच्या व माळाच्या जमिनीस ‘पोटखराबा’ किंवा ‘पडीक’ असे लिहिण्याचा प्रघात आहे. आकारणीपुरता तो योग्यच होय. परंतु पीक नाही म्हणजे तेथे काहीच नाही, अशी जी समजूत त्यावरून होते, ती खरी नव्हे. तिची पारख करावयास चैत्र-वैशाखासारखा काळ नाही.

आमच्या सोलापूर जिल्ह्यातील बार्शीहून लातूरच्या वाटेवर, धाराशिव जिल्ह्यात, येडशीनजीक बालाघाटाच्या रांगेत रामलिंगाचे देवस्थान आहे. भोवतालचे रान १९९७ पासून अभयारण्य आहे. ऊन चढण्यापूर्वी हा डोंगर चढू लागावे. चैत्रारंभी निष्पर्ण पळस केशरी फुलांनी भरलेला असतो व मधासाठी साळुंक्या, बुलबुल, कोतवाल त्यावर गर्दी करतात. वैशाखात बहाव्याचे पिवळे घोस लोंबतात आणि त्यांभोवती काळे भुंगे गुणगुणतात. करवंदीच्या जाळ्या, तरवड व रुई ही कोरड्या मुरमातही तग धरून असतात. झुडपांतून मोराची केका ऐकू येते. नशीब असल्यास ससा किंवा खोकड दृष्टीस पडते.

यात शेतकऱ्याचा संबंध काय, असे कोणी विचारील. रब्बीची ज्वारी निघाली की शिवार उघडे पडते. त्या दिवसांत मधमाश्यांस अन्न मिळते ते मुख्यतः रानातील या फुलांवर. त्याच माश्या पुढे सूर्यफुलाच्या व डाळिंबाच्या फुलोऱ्यात परागीभवन करितात. खोकड उंदीर खाते, तर टिटवी व धाविक किडे-भुंगेरे टिपतात.

माळावरील हे पक्षी घरटे बांधीत नाहीत. उघड्या जमिनीवरच अंडी घालतात, आणि तीही याच ऋतूत. अंड्यांचा रंग मातीसारखा असल्याने ती पायाखाली येईतो दिसत नाहीत. सोलापूरजवळील नान्नजचा माळ ज्याच्यासाठी १९७९ मध्ये अभयारण्य झाला, तो माळढोक एका विणीस बहुधा एकच अंडे घालतो. आज तो तेथे क्वचितच दिसतो.

गवत जाळले म्हणजे पुढे दाट येते, या समजुतीने पुष्कळ ठिकाणी माळास आग लावितात. परिणामी अंडी-पिले होरपळतात, राख वावटळीत उडते आणि उघडी पडलेली माती वळवाच्या पहिल्या सरीबरोबर ओढ्यात जाते. लाभ काहीच नाही.

काळवीट व रानडुक्कर पिकाची नासाडी करितात, ही तक्रार रास्त आहे. त्यासाठी शासनाची नुकसानभरपाईची तरतूद आहे. वनखात्यास त्वरित कळवून पंचनामा करवून घ्यावा. वणवा हा त्यावर उपाय नव्हे.

म्हणून शेतकरी बंधूंस आमची विनंती तीनच गोष्टींची: बांधावरील पळस व बहावा तोडू नये, माळ जाळू नये, गवत कापून गुरांस घालावे, आणि पावसाळा लागेपर्यंत गायरानाचा एखादा तुकडा गुरांवाचून मोकळा ठेवावा. दप्तरात तो पडीकच राहील. पण त्याचे उत्पन्न आपल्याच पिकांत जमा होईल.