शाखा नको, म्हणजे नेमकं काय नको?

दिवाळीच्या सुट्टीला घरी आलेलं मूल जेवता जेवता म्हणतं, "बाबा, मला हे इंजिनीअरिंग नको." त्या क्षणी तुम्हाला भरलेली फी आठवते, कर्जाचा हप्ता आठवतो, कॅपच्या फेऱ्यांतली धावपळ आठवते. साहजिक आहे. तरी एवढंच विचारा, की नेमकं काय नको वाटतंय?

अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला शिकवताना हा प्रश्न मी सतत विचारत आले. एक मुलगी म्हणाली, मेकॅनिकल आवडत नाही. खोलात गेल्यावर कळलं, तिला धास्ती होती ती ग्राफिक्सच्या तासाची. कापलेला शंकू तिच्या डोळ्यांपुढे उभाच राहत नव्हता, म्हणून मैत्रिणीची शीट खाली ठेवून ती रेघा गिरवायची. बटाटा तिरका कापून तिच्या हातात दिला, तेव्हा कुठे तिला छेद दिसला. आता बघा, पहिल्या वर्षाचे बरेचसे विषय सगळ्या शाखांना सारखेच असतात. म्हणजे ज्या मेकॅनिकलला ती नकार देत होती, त्याची तिची अजून नीट ओळखही झाली नव्हती. कुणाला हॉस्टेल नकोसं असतं, कुणाला इंग्रजीतून शिकवलेलं समजत नसतं. पण विषय सुटलेले असून, गुण चांगले असूनही जो "नको" म्हणतो, त्याचं म्हणणं मी सर्वांत गांभीर्याने घेते. तो अपयशाला कंटाळलेला नसतो, त्याचं मनच तिथे नसतं.

त्याला पहिल्याच वर्षी बाहेर पडू द्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. एक वर्ष जाईल, जाऊ द्या. शाखाच बदलायची असेल, तर ते पहिल्या वर्षाचे गुण आणि रिकाम्या जागांवर ठरतं, म्हणून मन नसलं तरी अभ्यास सोडू नको, हे त्याला सांगा. शेवटचं वर्ष असेल तर मात्र पदवी हातात घेऊ द्या. यूपीएससी, राज्यसेवा, कॅट, तीन वर्षांचं एलएलबी, या सगळ्यांना कोणत्याही शाखेची पदवी चालते. अवघड असतं ते अधलंमधलं वर्ष. २०२२पासून यूजीसीने एकाच वेळी दोन पदव्या घ्यायला परवानगी दिली आहे; त्यामुळे कॉलेज चालू ठेवून इग्नूतून किंवा मुक्त विद्यापीठातून आवडीचा विषय घेऊन बघता येतो.

अच्युत गोडबोले आयआयटी मुंबईतून केमिकल इंजिनीअर झाले आणि नाव काढलं सॉफ्टवेअरमध्ये. अभिनेते श्रीराम लागू मुळात कान-नाक-घशाचे डॉक्टर होते. पण "आधी हे पूर्ण कर, मग बघू" असं मुलाचं तोंड बंद करायला ही नावं वापरू नका.

मूल जेवेनासं, झोपेनासं झालं असेल, जगणंच नको म्हणत असेल, तर शाखेची चर्चा लगेच थांबवा आणि डॉक्टरांकडे जा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांकही आहे.

नवी वाट कोणती, तिची प्रवेश परीक्षा कधी, फी किती, ही माहिती मुलालाच काढून आणू द्या. त्या क्षेत्रात काम करणाऱ्या कुणाला तरी त्याने स्वतः जाऊन भेटावं. आणि तुम्ही त्याला घरचा खरा आकडा सांगा: कर्ज किती उरलंय, आणखी किती वर्षं तुम्हाला झेपेल. त्याच्यापासून तो लपवू नका.