आधी पान नंबर, मग मजकूर

काल फोनवर म्हणालीस, "आक्का, सगळं वाचून होऊ दे, मग एकदम लिहायला बसते." ऐकून धस्सच झालं. सगळं वाचून कधी होतच नसतं गं. एम. ए.ला मीही तेच केलं आणि शेवटच्या आठवड्यात रडत बसले.

विषय आपल्या निपाणीच्या तंबाखूचा घेतलास, फार बरं वाटलं. शरद जोशींच्या आंदोलनात ६ एप्रिल १९८१ला हमरस्त्यावरच्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, १२ जण गेले, हे गावात कुणालाही विचार. पण प्रबंधात "गावात सगळ्यांना ठाऊक आहे" असं लिहून भागत नाही. त्याच दिवसांबद्दलचा एक उतारा मी एका जुन्या अंकातून उतरवून घेतला होता. तारीख टिपायची राहिली. सरांनी विचारलं, "हे कुठलं?" पुन्हा एस.टी.नं बेळगाव गाठलं, दिवसभर फायली चाळल्या, अंक काही सापडला नाही. माझा सगळ्यात चांगला परिच्छेद मीच खोडला. अजून चुटपुट लागते.

तेव्हापासून लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून चिठ्ठ्या करते. वर आधी पुस्तकाचं नाव, पान, तारीख, मग मजकूर. एका चिठ्ठीवर एकच गोष्ट.

आपल्या सीमाभागात आणखी एक पेच असतो. कचेरीतला कागद कानडीत, लिहायचं मराठीत. कानडी वाक्य आधी कानडी लिपीतच उतरव, त्याखाली मराठी कर. महिन्याभरानं आपलंच भाषांतर आपल्याला पटत नाही, तेव्हा मूळ वाक्य जवळ हवं.

आणि विडी वळणाऱ्या बायकांशी बोलून आलीस की त्याच रात्री लिही, जेवायच्या आधी. मोबाईलवर आवाज राहतो, पण बोलताना त्यांचे हात थांबले होते का, मांडीवरच्या सुपात किती पानं उरली होती, हे त्यात नसतं. दोन दिवसांत तेही विसरायला होतं. रोज पानभर झालं तरी पुरे. वाईट लिहिलंस तरी चालेल, नीट नंतर करता येतं. कोऱ्या पानाचं काय नीट करणार?

तू पाठवलेला भाग मी आजीला वाचून दाखवला. "निकृष्ट उत्पादनाची वर्गवारी" आलं तशी ती म्हणाली, "ही काय भाषा? छाट म्हण की!" आणि मग अर्धा तास छाटीबद्दलच बोलत राहिली. कुठली विडी बाजूला काढायचे, तिचे पैसे कसे बुडायचे, घरी काय सांगायचं. तुझ्या साऱ्या प्रकरणात नाही एवढं त्या अर्ध्या तासात होतं गं. मी चार चिठ्ठ्या लिहून ठेवल्यात, वर तारीख आणि आजीचं नाव घातलंय. पण विचारायचं अजून बरंच राहिलंय, आणि ते तूच विचारायला हवंस. रविवारी सकाळच्या गाडीनं ये. दुपारी ती झोपते.