काळी पट्टी नीट चिकटली का? उष्णता सांगते



ऊस विकास खात्याचा माणूस काँक्रीटवर लिहितो म्हणून नवल वाटेल. पण उपसा योजनेची जॅकवेल, साखर गोदामाचे खांब ही सारी आपल्याच पैशाची कामे. साखरेचे पाणी वर्षानुवर्षे मुरले तर काँक्रीट हळूहळू खाल्ले जाते. असा खांब किंवा तुळई पाडण्याऐवजी हल्ली कार्बन तंतूची पट्टी इपॉक्सीने चिकटवून बळकट करतात.

स्वित्झर्लंडमध्ये ल्युसर्नजवळच्या ईबाख पुलावर सिग्नल बसवण्यासाठी भोके पाडताना आतल्या ताणलेल्या पोलादी तारा तुटल्या होत्या. १९९१ साली तो पूल असाच दुरुस्त केला. जिथे १७५ किलो पोलाद लागले असते तिथे ६.२ किलो कार्बन पट्टी पुरली!

पण सगळी मदार चिकटण्यावर. भाकरीचा पापुद्रा सुटावा तशी पट्टीखाली हवा राहिली, तर तेवढी जागा भार घेत नाही. वरून मात्र काम काळेभोर, झकास दिसते. मडके वाजवून बघावे तशी हातोडीने टकटक करून पोकळी कळते, पण शे-दोनशे फूट पट्टी वाजवत कोण बसणार?

इथे उष्णता टिपणारा कॅमेरा उपयोगी पडतो. पट्टीवर हॅलोजन दिव्याची उष्णता थोडा वेळ सोडायची. चिकटलेल्या जागी ती काँक्रीटमध्ये मुरते. हवेतून मात्र ती फारच सावकाश जाते, म्हणून पोकळीवरची पट्टी जास्त तापते आणि चित्रात ठिपका उजळ दिसतो. दिव्याऐवजी सकाळचे ऊनही चालते. रात्री उलटे, पोकळ जागा आधी गार पडते. ढग, वारा किंवा ओली पट्टी असेल तर मात्र चित्रावर भरवसा ठेवू नये. दिसलेल्या ठिपक्याभोवती खडूने रेघ मारून तिथे हातोडी जरूर वाजवावी.

ठिपका दिसला म्हणजे काम वाया गेले, असे नव्हे. अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटच्या मार्गदर्शिकेप्रमाणे १३ चौ. सें.मी.हून लहान पोकळ्या चालतात, मात्र एकूण क्षेत्राच्या ५ टक्क्यांच्या आत आणि चौरस मीटरला दहापेक्षा जास्त नकोत. त्याहून मोठ्या पोकळीत राळ भरतात किंवा तेवढा थर बदलतात. १६० चौ. सें.मी.च्या वर, म्हणजे साधारण पंजाएवढी असेल, तर तेवढी पट्टी कापून नवीन ठिगळ लावावे लागते.

एक मर्यादा ध्यानात घ्या. कॅमेरा फक्त वरवरची पोकळी दाखवतो. आत खोलवर गंजलेली सळई त्याला दिसत नाही, अन् चिकटलेली जागा किती घट्ट आहे हेही तो सांगत नाही. त्यासाठी पट्टीवर चकती चिकटवून ती ओढून बघतात. चौ. सें.मी.ला निदान १४ किलो ताण सोसला पाहिजे, आणि तुटायचे ते काँक्रीट तुटावे, जोड सुटू नये.

बिल मंजूर करण्याआधी ही चित्रे मागून घ्यावीत. त्यांवर तारीख, वेळ आणि आकाश कसे होते हे लिहून घ्यावे, कारण पुढच्या वर्षी पुन्हा तपासताना दुपारचे चित्र रात्रीच्या चित्राशी ताडता येत नाही.

— ऊस विकास अधिकारी